युरियाच्या पोत्यातून हवेत किती जातं? एका एकराचा हिशोब, पायरीपायरीने

गावात कुणालाही विचारा, "उसाला एकरी युरिया किती टाकला?" उत्तर तयार असतं: "सहा पोती." आता विचारा, "म्हणजे नत्र किती गेलं?" समोरचा थोडा वेळ आभाळाकडे बघतो. मीही बरीच वर्षं आभाळाकडे बघणाऱ्यांतलाच होतो. वहीत पोती होती, रुपये होते, नत्र, म्हणजे नायट्रोजन, कुठेच नव्हतं. आणि खतातून हवेत जाऊन पृथ्वी तापवणाऱ्या वायूचा, नायट्रस ऑक्साइडचा, हिशोब नत्रापासूनच सुरू होतो.

एक एकर, एक हंगाम, एक वही आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर हा हिशोब होतो. आकडा खाली कसा आणायचा ते पुढे येईलच, पण आधी मोजणी. न मोजता "कमी खत वापरा" म्हणणं सोपं असतं. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. कुठे किती जास्त जातंय हे माहीत नसताना सरसकट कात्री लावली की असं होतं.

हा वायू येतो कुठून

युरिया ओल्या मातीत पडला की युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं. मातीतले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि हे करताना थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. ही पहिली गळती. दुसरी मोठी. मातीत पाणी जास्त झालं, हवा कोंडली, की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास भागवतात आणि त्याचा पुन्हा वायू करून टाकतात. हवा पुरती कोंडली असेल तर बहुतेक साधा नायट्रोजन बाहेर पडतो, जो हवेत आहेच. अर्धवट कोंडली असेल तर नायट्रस ऑक्साइड.

मातीतली साधारण ६० ते ८० टक्के छिद्रं पाण्याने भरलेली असतात तेव्हा हा वायू सर्वात जास्त सुटतो. म्हणजे पुरता चिखल नाही आणि वापसाही (मशागतीजोगी ओल) नाही, मधली अवस्था. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीचं काळं रान डोळ्यांसमोर आणा. आता त्या रानात युरिया विस्कटणारा माणूसही आणा, कारण नेमका तेव्हाच तो तिथे असतो.

तापमानवाढीच्या शंभर वर्षांच्या मापाने १ किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे २७३ किलो कार्बन डायऑक्साइड. हवेत तो साधारण ११० वर्षं टिकतो आणि ओझोनचा थरही झिजवतो. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या २०१६ सालच्या हिशोबात शेतीच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे १९ टक्के वाटा शेतजमिनीतून निघणाऱ्या या वायूचा होता. भातखाचरांच्या मिथेनचा वाटा जवळपास तेवढाच, आणि गुरांच्या रवंथाचा निम्म्याहून जास्त.

पायरी पहिली: पोती मोडून नत्र काढा

हंगामाची सगळी बिलं काढा. अनुदानित खत ई-पॉस मशीनवर अंगठा लावूनच मिळतं, त्यामुळे पावती असायला हवी. शेजाऱ्याच्या नावावर घेतलेली आणि त्याला उसनी दिलेली पोती आठवून वहीत चढवा किंवा वजा करा. मग प्रत्येक पोत्यातलं नत्र लिहा:

युरिया, ४५ किलो: २०.७ किलो
डीएपी, ५० किलो: ९ किलो
१०:२६:२६, ५० किलो: ५ किलो
१२:३२:१६, ५० किलो: ६ किलो
२०:२०:०:१३, ५० किलो: १० किलो
१५:१५:१५, ५० किलो: ७.५ किलो
अमोनियम सल्फेट, ५० किलो: १०.२५ किलो
१९:१९:१९, २५ किलो: ४.७५ किलो

यादीत नसलेल्या खतासाठी गोणीवरचा पहिला आकडा म्हणजे नत्राचा टक्का. सर्वात जास्त चूक इथेच होते: लोक नत्र म्हणून फक्त युरिया धरतात. दाणेदार मिश्रखत "स्फुरद-पालाशसाठी" (फॉस्फरस-पोटॅशसाठी) टाकलेलं असतं, त्यातलं नत्र कुणी मोजत नाही.

नॅनो युरियाची बाटली असेल तर तीही लिहा. ४ टक्क्यांच्या ५०० मिली बाटलीत २० ग्रॅम नत्र. पोत्यात २०.७ किलो, बाटलीत २० ग्रॅम, फरक हजारपटीचा. पानाने ते कितीही चांगलं उचललं तरी नत्राच्या रकान्यात एक बाटली एका पोत्याच्या जागी बसत नाही. (बाटली हवी होती म्हणून घेतली की युरियाबरोबर लिंकिंगमध्ये गळ्यात पडली, हे बाजूला लिहून ठेवा. माझ्या वहीत दुसऱ्या प्रकारची नोंद जास्त आहे.)

उदाहरण म्हणून एक एकर सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेला, ऊस घेऊ. ६ पोती युरिया: १२४.२. ४ पोती १०:२६:२६: २०. १ पोतं अमोनियम सल्फेट: १०.२५. बेरीज १५४.४५, म्हणजे सुमारे १५४ किलो नत्र. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १००. ५४ किलो जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पायरी दुसरी: शेतातून थेट निघणारा वायू

शास्त्रज्ञ हा वायू मोजतात तेव्हा जमिनीवर एक बंद पेटी उपडी बसवतात, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. आपल्याला ते जमणार नाही, म्हणून त्या मोजण्यांवरून काढलेला गुणक वापरायचा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, सर्वसाधारण गुणक १ टक्का आहे: टाकलेल्या १०० किलो नत्रामागे १ किलो नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपात थेट जातं.

१५४ × ०.०१ = १.५४ किलो. पण हे झालं फक्त नत्र. त्याला ऑक्सिजन जोडून वायूचं वजन काढायला ४४ भागिले २८, म्हणजे १.५७ ने गुणा: सुमारे २.४२ किलो नायट्रस ऑक्साइड. हा गुणाकार विसरू नका, नाहीतर आकडा एक तृतीयांशाहून जास्त कमी येतो. मी पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा नेमका हाच विसरलो होतो आणि शेत किती स्वच्छ म्हणून खूश झालो होतो.

हा १ टक्का दगडावरची रेघ नव्हे. २०१९ च्या सुधारणेत ओल्या हवामानात रासायनिक खतांसाठी १.६ टक्के आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के असे वेगळे गुणक दिले आहेत. उष्ण पट्ट्यात ओलं म्हणजे वर्षाला १००० मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस. कोकणातली नाचणी-भाजी नक्कीच ओल्यात बसते. सोलापूर-नगरकडची कोरडवाहू ज्वारी कोरड्यात. पण त्याच नगरमधल्या पाटपाण्याच्या उसाला कोरडं कोण म्हणेल? दर दहा-बारा दिवसांनी सरी तुडुंब भरते. अशा ठिकाणी मी १ टक्काच धरतो आणि बाजूला दोन्ही टोकं लिहितो: १५४ किलोसाठी १.२ पासून ३.९ किलोपर्यंत. दरवर्षी एकाच गुणकाने मोजलं तर तुलना खरी होते. भातखाचरासाठी गुणक ०.४ टक्के, कारण भरल्या पाण्यात नत्र बहुतेक साध्या नायट्रोजनच्या रूपात जातं.

पायरी तिसरी: वाटेत निसटलेलं नत्र

शेतातून अमोनिया होऊन उडालेलं नत्र दुसरीकडे कुठेतरी पडतं, निचऱ्याबरोबर गेलेलं नायट्रेट ओढ्यात, विहिरीत उतरतं, आणि तिथे त्यातल्या थोड्याचा नायट्रस ऑक्साइड होतो. आयपीसीसीच्या २०१९ च्या गुणकांनुसार साधारण ११ टक्के नत्र उडून जातं (नुसत्या युरियासाठी १५ टक्के) आणि त्यातल्या १ टक्क्याचा हा वायू होतो. २४ टक्के नत्र झिरपून जातं आणि त्यातल्या १.१ टक्क्याचा होतो.

आपल्या एकरात उडालेलं १७ किलो, झिरपलेलं ३७ किलो. दोन्हींतून मिळून सुमारे ०.५८ किलो नत्र, म्हणजे ०.९ किलो वायू.

आता १७ आणि ३७ ची बेरीज करा. ५४. शिफारशीपेक्षा जेवढं जास्त टाकलं तेवढंच हवेत आणि ओढ्यात गेलं. हा या उदाहरणातला योगायोग आहे, नियम नाही. पण वहीत तो आकडा दोनदा आलेला पाहिला की काय म्हणायचं ते कळतं. नायट्रस ऑक्साइड म्हणून थेट गेलेल्या दीड किलो नत्राने कुणाचं पीक बुडत नाही. तो धूर आहे. आग या ५४ किलोंत आहे.

झिरपण्याचा हिस्सा सगळीकडे लावायचा नसतो. कोरड्या हवामानात बागायत नसेल तर तो शून्य, आणि ठिबक असेल तरी शून्य, असा त्याच नियमांत खुलासा आहे. म्हणजे कोरड्या पट्ट्यातल्या ठिबकवाल्याने ही ओळ सरळ वगळायची. ठिबकवर रात्रभर व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्याने मात्र मनाशी विचार करून वगळावी.

पायरी चौथी: एका आकड्यात आणा

थेट २.४२ आणि वाटेतला ०.९, मिळून ३.३ किलो. गुणिले २७३: सुमारे ९१० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. शॉर्टकट हवा असेल तर बागायतीत १ किलो नत्रामागे ५.९ किलो धरा. युरियाच्या एका पोत्यामागे होतात १२२ किलो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एक पोतं सुमारे ४५ लिटर डिझेलएवढं. सहा पोती टाकणारा माणूस ट्रॅक्टरच्या धुराबद्दल तक्रार करतो तेव्हा मला हे आठवतं.

शिवाय युरिया विरघळताना त्याच्यातलाच कार्बनही सुटतो, पोत्यामागे ३३ किलो. तो वेगळ्या रकान्यात लिहा, नायट्रस ऑक्साइडमध्ये मिसळू नका. कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया बनवतानाचं उत्सर्जन या हिशोबाच्या बाहेर आहे. शेणखत, कोंबडखत यांतूनही हा वायू निघतो. कोंबडखतात नत्र बरंच असतं, तेव्हा ते टाकलं असेल तर रासायनिक मात्रा तेवढी खाली आणायला हवी.

शेवटी टनामागे नत्र काढा. एकरी ४० टन ऊस निघाला तर १५४ ला ४० ने भागून ३.८५ किलो. शिफारशीप्रमाणे १०० किलोत तेवढाच निघाला तर २.५. वर्षावर्षाची तुलना या आकड्यानेच करा, कारण पीक बुडवून उत्सर्जन कमी दाखवणं काही अवघड नाही.

पायरी पाचवी: मात्रा

माती परीक्षण करा, मृदा आरोग्य पत्रिकेतला उपलब्ध नत्राचा आकडा बघा, शिफारस त्याप्रमाणे वरखाली करा. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे पिवळेपणाची ओळख. सोयाबीन पिवळं पडलं की लोक युरिया घेऊन धावतात. नत्र कमी पडलं तर खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात हमखास दिसणारी. तिथे टाकलेला युरिया पीक घेत नाही, जिवाणू घेतात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. एक रोप उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे, वरून नत्राची गरज नाही.

पैशाचं खरं सांगतो. जास्तीचं ५४ किलो नत्र म्हणजे युरियाची अडीच-पावणेतीन पोती. पोतं २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे वाचले जेमतेम ७०० रुपये. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की हात आखडायला खिसा कारण देत नाही. डीएपीचं पोतं १३५० चं आहे, ते कुणी असं उधळत नाही. नत्र जास्त झालेल्या उसाची काय गत होते, लुसलुशीत वाढ, कीड, लोळणं, साखर उताऱ्याला फटका, ते मात्र या ७०० रुपयांत धरलेलं नाही.

पायरी सहावी: वेळ आणि वापसा

माझ्या मते सर्वात जास्त फरक इथे पडतो. खत तेच, रान तेच, दिवस बदलला की वायू बदलतो.

युरिया टाकण्याआधी बोटभर खोलीची माती मुठीत घेऊन दाबा. गोळा होऊन हाताला चिकटत असेल तर थांबा. ही तीच मधली अवस्था. गोळा होतो पण अंगठ्याने दाबला की फुटतो, तर वापसा आहे, टाका. गोळाच होत नसेल आणि पाणी देणार नसाल तर तेव्हाही थांबा, कारण कोरड्या, चुनखडीयुक्त रानावर पडलेला युरिया उन्हात अमोनिया होऊन उडतो. टाकून उघडा ठेवायचा नाही: मातीआड करा किंवा हलकं पाणी द्या. हलकं म्हणजे हलकंच, सरी तुडुंब नाही.

पावसाळ्यात हवामान खात्याचा जोरदार पावसाचा इशारा असेल तर दोन दिवस थांबलेलं बरं. "पावसाआधी टाकलं की मुरतं" हे अर्धसत्य आहे. १० मिलीमीटरला मुरतं, ८० ला ओढ्याला लागतं.

दुसरा भाग हप्त्यांचा. सुरू उसाला नत्र लागणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) ४० टक्के असं विभागून द्यायची शिफारस आहे. लागणीला फक्त १० टक्के का? कारण कांडीला मुळ्याच नसतात. तेव्हा टाकलेलं नत्र घ्यायला पीक नाही, पाणी आणि जिवाणू मात्र हजर आहेत. ठिबक असेल तर याचे आठवड्याचे हप्ते करा. व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढणारी नळी) पहिल्या मिनिटापासून लावू नका: आधी नुसतं पाणी, मधल्या वेळात खत, शेवटी ठिबकच्या नळ्या धुण्यापुरतं पाणी. खत आधी सोडून मग दोन तास पाणी चालवलं तर नत्र मुळाखाली जातं.

भातात पर्ण रंग तक्ता, म्हणजे पानाचा हिरवेपणा जुळवून बघायची पट्टी, वापरा. सर्वात वरचं पूर्ण उघडलेलं पान, सावलीत, दहा ठिकाणी. बहुतेक पानं लागणीच्या भातासाठी ४ नंबरपेक्षा फिकी असतील तेव्हाच पुढचा हप्ता.

पायरी सातवी: जागा

विस्कटलेलं खत सगळ्यांचं असतं: तणाचं, जिवाणूंचं, वाऱ्याचं. खोल, मुळाजवळ ठेवलेलं पिकाचं. खोडव्यासाठी (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकासाठी) राहुरीची पहारीची पद्धत याचं चांगलं उदाहरण. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, खत टाकून बुजवायचं, दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर. निम्मं खत तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, उरलेलं १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूला. मजुरी लागते, कमरेचा काटा ढिला होतो, हे खरं. पण पाचट (उसाचा वाळला पाला) ठेवलेल्या खोडव्यात दुसरा शहाणा मार्ग नाही. पाचटावर विस्कटलेला युरिया मातीपर्यंत पोचतच नाही, पाचटातलं युरिएज त्याला वाटेतच फोडतं.

भातात हेच काम युरिया-डीएपीच्या ब्रिकेट करतात. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात, लावणीनंतर त्याच दिवशी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे १७० किलोच्या आसपास. गोळी हवा नसलेल्या थरात बसते, तिथे नायट्रेट होतच नाही.

भातखाचर अधूनमधून सुकवण्याची पद्धत मिथेन बराच कमी करते, पण नायट्रस ऑक्साइड थोडा वाढवते. एकूण बेरीज सहसा फायद्याचीच राहते, फक्त युरिया टाकून लगेच खाचर सुकवू नका.

पायरी आठवी: खताचा प्रकार

याबद्दल बाजारात सर्वात जास्त बोललं जातं, म्हणून मी थोडक्यात उरकतो. २०१५ पासून देशातला युरिया निंबोळीलेपित आहे. नायट्रेट होण्याचा वेग तो काहीसा मंदावतो, त्यामुळे वेगळं काही विकत घ्यायची घाई नको. गंधकलेपित युरिया घेतलात तर लक्षात ठेवा, ४० किलोच्या पोत्यात ३७ टक्केच नत्र आहे, म्हणजे १४.८ किलो, पोत्याला पोतं असा हिशोब चुकेल. आणि पाणी साचणाऱ्या रानात पावसाळ्यात कॅल्शियम नायट्रेट किंवा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) जमिनीतून देऊ नका. त्यात नायट्रेट तयारच असतं. जिवाणूंचं अर्धं काम तुम्हीच करून देता.

पायरी नववी: चार सऱ्यांची परीक्षा

एकदम १५४ वरून १०० वर यायची छाती होत नसेल तर येऊ नका. शेताच्या मधोमध, बांधाला किंवा पाटाला लागून नाही, चार सऱ्या निवडा. दोन्ही टोकांना रंग लावलेल्या खुंट्या ठोका. बाकी रानाला नेहमीप्रमाणे, या चार सऱ्यांना शिफारशीइतकंच नत्र. स्फुरद, पालाश, पाणी सगळं सारखं. युरिया टाकणाऱ्या माणसाला स्वतः उभं राहून दाखवा, नाहीतर तो दया येऊन तिथेही मूठभर जास्त टाकतो.

तोडणीच्या वेळी मधल्या दोन सऱ्यांत दहा-दहा फूट मोजा, ऊस मोजा, तोडून ताणकाट्यावर वजन करा. नेहमीच्या रानातही तसंच दोन ठिकाणी. वहीत चार रकाने: नत्र, टन, टनामागे नत्र, वायू. फरक वजनात दिसत नसेल तर पुढच्या वर्षी चाराच्या बारा सऱ्या करा. फरक दिसला तर किती किलोवर दिसतो ते शोधा, कदाचित तुमच्या रानाचा आकडा १०० नसून ११५ असेल.

काटा मात्र तोडणीच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा. टोळी फडात शिरली की चार सऱ्यांसाठी कुणी थांबत नाही.